पाच दिवस गैरहजर

७ नोव्हेंबर

पाळी आली! आणि आजच! विज्ञानाच्या बाई आज सूक्ष्मदर्शक काढणार होत्या. वर्षातून एकदाच निघतो तो कपाटातून.

आई शिंप्याकडे काजं-बटणं करते. तिथल्या चिंध्या आणते माझ्यासाठी. बहुतेक टेरिकॉटच्या — त्यात काय मुरणार, कपाळ! सुती तुकडा हाती लागला की लॉटरी लागल्यासारखी हसते. या खेपेला लागली नाही.

"जाऊ का गं तरी?" विचारलं.

"आणि डाग पडला म्हणजे? चारचौघांत शोभा!"

रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

८ नोव्हेंबर

कालचे तुकडे अजून ओलेच. चादरीखाली लपवून वाळत घातल्यावर ऊन कुठून लागणार!

९ नोव्हेंबर

वर्गातली मैत्रीण आली संध्याकाळी. रेडिओ म्हणतो तिला — एकदा सुरू झाली की बंद होत नाही. कांद्याचा पापुद्रा ठेवला होता म्हणे काचेखाली. "विटांची भिंत दिसते गं! आणि प्रत्येक विटेत एक ठिपका!"

ती गेल्यावर कांदा सोलला, पापुद्रा खिडकीशी धरला. कितीतरी वेळ. नुसता कांदा.

धाकटी म्हणाली, "ताई, कांद्यानं पाणी आलं ना डोळ्यांत?"

हो म्हटलं.

१३ नोव्हेंबर

हजेरी घेताना वर्गाच्या बाई — "दर महिन्याला पाच दिवस कुणाचं लग्न असतं तुमच्याकडे?" वर्ग हसला. मीही हसले.

५ डिसेंबर

आली. तरी गेले! चिंध्यांचे चार पदर घेऊन. शाळेच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. बाकावरून उठलेच नाही. तिसऱ्या तासाला गणिताच्या सरांनी फळ्याशी बोलावलं. उदाहरण येत होतं मला! बोटं नुसती शिवशिवत होती.

"येत नाही, सर."

६ डिसेंबर

घरी. उत्तर सत्तेचाळीस होतं.

इथून शाळेची घंटा ऐकू येते. कुठला तास सुरू झाला ते कळतं. आत्ता भूगोल.

२ जानेवारी

धाकटीला आली. अकराच पूर्ण झाली आहेत तिला. मी काही बोलायच्या आत तिनं गणवेश उतरवून नीट घडी घातली. "मी नाही जात, ताई. पाच दिवस ना?"

हे तिला कुणी शिकवलं? मीच.

गणवेश पुन्हा घालायला लावला. हाताला धरून थेट शाळेत, मोठ्या बाईंच्या खोलीत नेलं. सगळं सांगितलं — चिंध्या, कडी, सगळं.

मोठ्या बाईंनी उठून दार लावलं. म्हणाल्या, "बसा दोघी. वर्गात आणखी कोण कोण येत नाही?"