झुपे म्हणजे काय

ती. आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. (तुझे गुडघे कसे आहेत? आई फोनवर रोज विचारते, पण उत्तर माझ्यापर्यंत पोचत नाही.)

‘झुपे’ म्हणजे काय? मला सांगता येत नाही. एरवी याची लाज वाटली नसती, पण ही भाषा मीच तयार केली आहे.

पदवी मिळाल्यापासून मी माणसामाणसांत भांडणं होणार नाहीत अशी एक भाषा रचते आहे, हे तुला ठाऊक आहेच. न्याय, करुणा, समता, विवेक धरून दोनशे बारा शब्द झाले. अशा भाषा रचणाऱ्यांचं एक मंडळ आहे; ते एकमेकांच्या शब्दयाद्या टपालाने वाटतं. अट एकच, यादीतले शब्द निदान चार माणसांच्या रोजच्या तोंडी हवेत. आपल्या लाँड्रीत आई, बाबा, इस्त्रीवाले काका आणि मी, अशी चार तोंडं आयतीच होती. म्हणून मी यादीच्या पन्नास प्रती काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवल्या. (इथेच चुकलं. त्या टेबलावरचा कुठलाही कागद शर्टाच्या घडीत जातो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. पण शिकल्यावर माणूस साधं विसरतो.) दुपारपर्यंत एकोणपन्नास शर्ट पोटात करुणा आणि विवेक घेऊन गिऱ्हाइकांच्या घरी गेले. एक वकील तो कागद घेऊन तणतणत परत आले, की ही धमकी कुणी दिली? बाबा म्हणाले, “पोरीचा अभ्यास आहे, साहेब. घडी बघा ना कशी बसलीय!”

उरलेली प्रत आईने माझ्याकडून वाचून घेतली. सगळं ऐकून म्हणाली, “यात साबण कुठंय?” साबण नव्हता. कॉलरचा मळ नव्हता, तुटलेलं बटण नव्हतं. “मग बोलायचं काय, डोंबल?” असं म्हणून तिने आणि काकांनी स्वतःच शब्द पाडायला घेतले. महिन्याभरात ऐंशी झाले. आता बाबांसकट तिघं गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याच्याविषयी बोलतात आणि गिऱ्हाईक हसून मान डोलावतं. (भांडण होत नाही, हे मान्य करायला हवं.) माझे शब्द मात्र कुणी वापरत नाही. समता लागली की मागून घेऊ, असं काका म्हणतात.

तुझी,
शिकलेली भाची

ता. क. खरं काम हे. आई तुझ्याशी याच भाषेत बोलते. (नणंद-भावजयीचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.) दर दोन वाक्यांनी ‘झुपे’ येतो, आणि मी खोलीत आले की एकदम तुझे गुडघे निघतात. अर्थ उलट टपाली कळव. यादी पाठवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

ता. क. दुसरा. कळवू नकोस. काकांना विचारलं. त्यांनी इस्त्री उभी केली आणि वरच्या फळीकडे बोट दाखवलं. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला, पण न्यायला कुणीच न आलेला कपडा म्हणजे झुपे. मग ओशाळून म्हणाले, “वाईट अर्थाने नाही हं म्हणत तुझी आई. झुपे आम्ही रोज झटकतो. धूळ बसू देत नाही.”

आईचे ऐंशी शब्द मी स्वच्छ अक्षरात लिहून काढले. रचणाऱ्यांत तिचं आणि काकांचं नाव घातलं, चौथी बोलणारी म्हणून तुझं. झुपे पहिला ठेवला आणि उदाहरणाच्या रकान्यात स्वतःला लिहिलं. माझी यादी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि मंडळाचं पाकीट टपालपेटीत टाकून आले.