भवानी झाली का?

८ सप्टेंबर, सोमवार

आज भवानी झाली नाही, पहिल्या विक्रीचा पैसाही हातात आला नाही. दिवसभरात एकच बाई दुकानात शिरली, तीही ‘कापडबाजार इकडूनच ना?’ असं विचारायला. म्हटलं, हो बाई, सगळे तिकडेच जातात.

संध्याकाळी अमृतचा फोन. पुण्याहून रोज येतो, बी.पी.च्या गोळीसारखा. ‘आई, तो मोबाईलवाला अजून थांबलाय. दुकान भाड्यानं देऊन टाक आणि इकडे ये. अकराव्या मजल्यावर काय हवा असते!’ हवा! मी काय पतंग आहे?

पण खरं लिहायचं तर आज पहिल्यांदा वाटलं, द्यावं. याच पितळ गल्लीत बांगड्या भरायला बायकांची रांग लागायची. हे बाकावर बसून नंबर लावायचे आणि लेकुरवाळीला आधी सोडायचे. आता रांग लागते ती स्कूटरींची.

९ सप्टेंबर

आजही नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

झाली! चार वाजता, एक डझन हिरव्या. पहिले पैसे कपाळाला लावले, गल्ल्यावर टेकवले. हात दुखेपर्यंत त्या बाईचा हात दाबून दाबून भरल्या, एक काकण पिचलं नाही.

समोरचा बघत होता. समोरचा म्हणजे गोरक्षनाथ भांडीवाला. चार वर्षांपूर्वी त्याच्या स्कूटरनं माझ्या शोकेसची काच फोडली आणि वर म्हणाला, ‘शोकेसच पुढं आलंय, वहिनी!’ आलं होतं थोडं पुढं. म्हणून काय फोडायचं? तेव्हापासून बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर चहावाला हनुमंत मधे. ‘हनुमंता, समोर सांग, पातेली आपटायची तर दुपारी झोप झाल्यावर आपट म्हणावं.’

सासऱ्यांच्या वेळी गल्लीत एक रीत होती. आपली भवानी झाली की पुढचं गिऱ्हाईक शेजारच्या रिकाम्या दुकानात धाडायचं. आता धाडायला आधी गिऱ्हाईक तर हवं!

१६ सप्टेंबर, मंगळवार

मारुतीच्या देवळात गल्लीची मीटिंग. कोपऱ्यावरच्या कापड दुकानाची सून रुपाली, तिनं बोलावली होती. सगळे ऑनलाईनला शिव्या देऊन थकले तेव्हा ती उभी राहिली. म्हणाली, ‘बाहेरून आलेली बाई आपल्या गल्लीत शिरू तरी शकते का? सगळ्या गाड्या.’ मी जोरात म्हटलं, ‘अगदी खरं! कुठली कुठली माणसं येऊन लावतात!’

रुपाली हसली. ‘काकू, मी तीन दिवस बघतेय. बाहेरच्यांच्या नाहीत. सगळ्या आपल्याच आहेत.’

खरंच की! प्रत्येकानं आपल्या दारात आपलीच गाडी आडवी लावलेली — दुसऱ्यानं लावू नये म्हणून. आणि माझ्या दारात? अमृत पुण्याला गेल्यापासून त्याची बंद पडलेली अ‍ॅक्टिव्हा, वर प्लास्टिक, खाली मांजर. जागा धरायला ठेवली होती! गिऱ्हाइकापासून धरली होती म्हणायची. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरला.

ठरलं. घटापासून सगळ्यांच्या गाड्या शाळेमागच्या मैदानात. दिव्यांच्या माळा, शटरना रंग, मधे बसायला बाक. गोरक्षनाथ एकटा अडला — ‘माझी स्कूटर माझ्या डोळ्यासमोर पायजे.’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं हनुमंतला म्हटलं, ‘सांग त्यांना, ती स्कूटर चोरायला चोर आला तर आधी ती ढकलायला दोघं लागतील.’

पहिल्यांदा तो हसताना दिसला. लगेच आवरलं त्यानं.

२० सप्टेंबर, शनिवार

अमृतला सांगून टाकलं: घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंत बघते. एक दिवस जरी भवानीविना गेला तर चावी मोबाईलवाल्याच्या हातात. पाडव्यापर्यंत टिकलं तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही. ‘शब्द?’ म्हणाला. ‘शब्द.’

चहा द्यायला हनुमंत आला तेव्हा त्यालाही सांगितलं. हनुमंतला सांगणं म्हणजे माळीवाड्याच्या स्टँडवर भोंगा लावणं. पण कुणाला तरी सांगावंसं वाटलं. बोलून झाल्यावर मात्र वाटलं, हे काय बोलून बसले! ऑगस्टात किती दिवस कोरडे गेले ते मलाच माहीत.

शटरला डाळिंबी रंग दिला. उरलेला नखांना लागला, निघत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले

गल्लीला फरशी आहे हे मी विसरूनच गेले होते! सकाळी आले तर इथून तिथवर मोकळं. अ‍ॅक्टिव्हा ढकलत नेली तेव्हा मांजर माझ्यामागे मैदानापर्यंत आलं.

आणि सकाळी सकाळी भवानी. एक ठसठशीत बाई, अर्धा डझन राजवर्खी बांगड्या. हात पुढं करतानाही सारखी मागे वळून बघत होती. झाल्यावर तडक समोरच्या भांड्यांच्या दुकानात.

असो. माझी झाली. नाचावंसं वाटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रोज होतेय! रोज सकाळी! माझी दिव्यांची माळ फळली म्हणायची. पण एक गोष्ट खटकते. जी बाई माझ्याकडे पहिली येते ती इथून उठते ती थेट समोर. माझ्याकडे अर्धा डझन, त्याच्याकडे कढई! काय जादू करतो मेला? बाहेर स्टुलावर बसून असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी पुटपुटतो. माझी गिऱ्हाइकं ओढतोय, दुसरं काय!

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस नुसता कोसळतोय. गल्लीत कुत्रं नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिले, हात मांडीवर. वाटलं, झालं. संपलं. पेट्या कशात बांधायच्या याचाही विचार केला. यांचा फोटो कुठल्या भिंतीला लावेन तिकडे, तेही मनात आलं आणि रडू फुटलं.

शटर ओढायला उठले तर एक गृहस्थ रिक्षातून उतरले, नखशिखांत भिजलेले. ‘बायकोसाठी बांगड्या द्या.’ माप काय? ‘माप... असेल की मध्यम.’ रंग? ‘बांगड्यांचा.’ देवमाणूस! नाव विचारलं तर बिभीषण. त्यांना चहा पाजला. माझे डोळे लाल बघून म्हणाले, ‘रडू नका हो, दुसऱ्या मापाच्या बी घेतो.’

जाताना समोर गेले. एवढ्या पावसात भांडी? माझा संशय पक्का.

२ ऑक्टोबर, दसरा

आज लिहायला हात उरले नाहीत! दुपारपासून रात्रीपर्यंत बाकावर बायका, बाकाबाहेर बायका. हलगी काय, रांगोळ्या काय. नेवाशाच्या, पाथर्डीच्या, शेवगावच्या बायका. मुली फोटो काढतात माझ्या डाळिंबी शटरपुढे! लंकाबाईला मदतीला बोलावून घेतलं. पूर्वी आमच्याकडे बांगड्या भरायची, तिचं बोट अजून तितकंच मऊ आहे. तिनं आल्या आल्या विचारलं, ‘वहिनी, परत रांग लागली का व्हय?’ लागली गं. लागली!

समोरचाही जोरात. ज्याला त्याला तांब्यावर फुकट नाव घालून देत होता, मशीनची घरघर गाण्याच्या वर. संध्याकाळी हनुमंतबरोबर सोनं पाठवलं त्यानं. आपट्याचं एक पान. मीही पाठवलं. एकच.

७ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर वाटलं होतं ओसरेल. सकाळी भवानी झालीच. ती बाईही लगेच समोर गेली.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची गर्दी. भवानी म्हणून वेगळी लिहायची गरजच राहिली नाही, शटर उघडायच्या आत दोघी उभ्या. अमृत फोनवर म्हणाला, ‘आई, तुझा आवाज बदललाय.’ म्हटलं, ओरडून ओरडून बसलाय. भाऊबीजेला येतोय. शब्द लक्षात आहे का, विचारत होता. मलाच विचारतोय!

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

समोर भांड्यांना झुंबड. माझ्याकडेही. जेवण दुपारी साडेचारला, उभ्यानं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटले, आणि आता हे लिहितेय. डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी घोडेगावची एक आजी आली, नातीला घेऊन. नातीच्या हातात भरता भरता मी सहज म्हटलं, ‘आता समोर जाणार ना भांडी घ्यायला?’ टोमणाच होता. आजी म्हणाली, ‘जाऊ की. तिकडंच गेल्तो आदी. त्यो बाबा कढई दावंना! म्हनला, आदी समोर बांगड्या भरून या, मंग दावतो. घटात बी असंच म्हनला हुता. आमाला वाटलं, नगराची रीतच आसंल.’

काकण माझ्या हातात पिचलं. लागलं, कळलंही नाही.

हनुमंतला हाक मारली. तो चहाची किटली धरून उभा, जमिनीकडे बघतोय. ‘काकू, तुमी पाडव्याचं बोलल्या ना, मी आपलं समोर सांगितलं. तवापासून पहिलं गिऱ्हाईक ते तुमच्याकडंच लावतेत. त्यांची भवानी तुमची झाल्याबिगर न्हाईच.’

‘आणि पावसातला तो बिभीषण?’

‘त्यो त्यांचा मेव्हणा हाय. केडगावाहून रिक्षा करून बोलावला हुता.’

आपली झाल्यावर गिऱ्हाईक शेजारी धाडायचं ही रीत. यानं तर स्वतःची झालेली नसताना धाडलं! आणि मी ‘मेला’ लिहिलंय वर. खोडणार नाही, राहू दे. रडले, हसले, परत रडले. लंकाबाईला वाटलं काच खोल गेली.

मग दिवसभर एकच घोळत राहिलं. पैज मी जिंकले कुठे? घटापासूनच्या त्या सकाळी माझ्या नव्हत्याच. अमृतला काय तोंडानं सांगू?

२२ ऑक्टोबर, पाडवा

समोरचं शटर वर जायच्या आधी जाऊन उभी राहिले. पितळी तांब्या घेतला, पैसे त्याच्या हातात ठेवले. ‘घ्या. आज तुमची आधी.’ चार वर्षांत पहिलं वाक्य. त्यानं नोट कपाळाला लावली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही.

विचारलं, का केलंत? म्हणाला, ‘तुमी पुण्याला गेल्यावर मी भांडायचं कुनाशी, वहिनी?’

मशीन सुरू केलं. ‘नाव काय घालू? अमृतचं?’

म्हटलं, ‘माझं घाला. विजयमाला, पितळ गल्ली, नगर.’