मनालीची सोयरीक आणि घड्याळवाला पिक्चर

शेलार, ता. भिवंडी
माघ महिना, २००६

तीर्थरूप आक्का,

तुझ्या पायांवर दौलतचं डोकं. (दाजींच्याही, पण त्यांचा गुडघा दुखतोय असं कळलं, तेव्हा लांबूनच.) गुडघ्याला शेक देतेस ना? इकडे सगळे ठणठणीत. आमच्या हिचं, कमळचं, डोकं दुखतं, पण ते माझ्यामुळे असं ती म्हणते, म्हणजे आजार नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये आई आहे. एवढ्यावरून काय ते समज.

मनालीची सोयरीक मोडली. घाबरू नकोस, मी आहे. मोडली म्हणजे आईने मोडली, आणि आईने मोडलेलं जोडायचं कसं हे या घरात मला एकट्याला कळतं. मुलगा तू पाहिलास, पनवेलचा कुणाल, कॉम्प्युटरमधला. स्वभावाने गरीब. पोरीचा जीव त्याच्यात आहे, हे मला बाप असूनही दिसतं. ती आता माझ्याशी बोलत नाही, जेवत नाही (बाहेर जाऊन शेवपुरी खाते, पण घरात जेवत नाही). तेव्हा हे लग्न होणारच. फक्त मध्ये आपला घड्याळवाला पिक्चर आडवा आला आहे.

तुला तो सांगायला नको, तुम्ही लग्नानंतर कल्याणला टॉकीजमध्ये पाहिला होता. पण तेव्हा दाजी झोपले होते, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. एका शहरात यंत्रं माजतात आणि माणसांना पिटाळून लावतात. एक फिटर बाई मुलाला पाठीशी घालून, हातात पाना घेऊन त्यांच्याशी लढते. तिच्याकडे वेळ मागेपुढे करायचं घड्याळाचं एक मोठं चाक असतं. बस, एवढंच. पण आपल्या गावात कुठलीही पूजा असो, तीर्थप्रसाद झाला की पडद्यावर हाच लागतो. मी मध्ये एकदा शहाणपणा करून नवा पिक्चर आणला होता. त्यात यंत्रं चकाचक होती आणि आवाज तर कानठळ्या बसवणारा, तरी बायका अर्ध्यातून भाकऱ्या टाकायला उठून गेल्या. आपल्या पिक्चरमधलं लोखंड लोखंडासारखं वाजतं गं. ती बाई पाना हाणते तेव्हा शिफ्ट बुडवून आलेली पॉवरलूमवरची माणसंही खूश होतात. रात्रंदिवस ज्या मशिनीने कान खाल्ले, तिला कोणीतरी बडवतंय, हे बघायला कोणाला आवडणार नाही?

तर आपल्याकडे तो असा चालतो. पहिल्या सीडीच्या शेवटी ती बाई मुलाला नावेत बसवते, आपण फाटक धरून आगीत राहते आणि मरते. मग नावं येतात. नावं आली की चहा. चहानंतर दुसरी सीडी लावली की बाई पुन्हा जिवंत, यंत्रांना पिटाळते आणि मायलेक गच्चीवर बसून एका ताटात जेवतात. आई तिथे डोळ्यांना पदर लावते आणि सगळे समाधानाने घरी जातात. मेलेली बाई उठली कशी, असं पोरं विचारायची, तेव्हा मीच सांगायचो की तिने चाक फिरवलं. (विज्ञानाचा पिक्चर आहे, त्यात सरळ काय चालतं?)

परवा वडपे गावातल्या आपल्या नव्या गोडाऊनची पूजा घातली. अजून माल आलेला नाही, त्यामुळे शटर ओढलं की भरदुपारी काळोख. पनवेलची मंडळीही बोलावली होती. कुणालला मानाने म्हटलं, जावईबापू, पिक्चर तुम्ही लावा. तो बिचारा उत्साहाने उठला, दोन्ही सीड्या लावून बघितल्या आणि हसून म्हणाला की या उलट्या लागत होत्या. आणि त्याने पिक्चर सुलटा लावला.

काय सांगू आक्का! मध्ये नावं आलीच नाहीत, त्यामुळे चहा तसाच निवला. मायलेक आधीच जेवून मोकळे झाले. आणि शेवटी ती बाई जी मेली ती मेलीच. नावं वर सरकत होती आणि सगळं गाव चाक फिरायची वाट बघत बसलं होतं. शटर उघडलं तेव्हा आई उठली आणि पनवेलकरांच्या देखत म्हणाली, "पोर चांगला हाय. पन त्यानी भरल्या पूजेन बाई मारली. मना ही सोयरीक नको."

मी लगेच निजामपुऱ्यात खुर्शीदभाईकडे गेलो, सीड्या त्याच्याच दुकानातल्या. त्याने पाकीट हातात घेतलं आणि उर्दू किताब उघडतात तसं उजवीकडून उघडलं. पहिली सीडी त्याच्या पहिल्या कप्प्यात. आपण इतकी वर्षं डावीकडून उघडत होतो. "दौलतभाई, हमने तो सीधी ही रखी थी," म्हणाला, आणि चहा पाजला. त्याचं काही चुकलं नाही, आपलंही नाही. मग मी घरी आईला पिक्चर जुन्या पद्धतीने लावून दाखवला. मायलेक गच्चीवर जेवायला बसले तशी आईने तोंड फिरवलं. "ही आता मरनार हाय," म्हणाली. पदर डोळ्यांना लावला, पण तो वेगळाच. मी पिक्चर तिथेच बंद केला.

बाकी सगळं माझ्या हातात आहे, तू निश्चिंत राहा. दाजींना जपून चालायला सांग.

तुझा धाकटा,
दौलत

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. टॉकीजमध्ये तो पिक्चर तू डोळ्यांनी पाहिलास, तुझ्या शब्दाबाहेर आई नाही. तिच्या नावानं दोन ओळी पाठव की टॉकीजमध्येही बाई आधी मेली आणि मग जिवंत झाली, आपलंच बरोबर होतं, पोराने चुकून उलटं लावलं. खोटं आहे, पण पोरीसाठी लिही.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कुणाल एकटाच मोटरसायकलवर आला. आईच्या पाया पडला, म्हणाला, आजी, चूक माझी, मीच उलटं लावलं. आईने गळ्याची शपथ घ्यायला लावली, त्याने घेतली. मग ती आत येऊन मला म्हणाली, "साफ खोटा बोलतंय. शपथ घेताना कान लाल झालं त्याचं. पन मना वाईट वाटू नये म्हनून बोललं. पोरगी त्यालाच द्याची." वैशाखातली तारीख बघतोय. मनाली दोन ताटं जेवली.

आणखी एक. आई आता मजेत आहे, तिला तुझ्या पत्राची गरज नाही. पण मला ती बाई फाटक धरून उभी दिसते गं, जेवायला बसलो की दिसते. तेव्हा पत्र लिहायचं रद्द करू नकोस. मजकूर तोच ठेव, फक्त वर नाव माझं घाल.