लोंगराची गोष्ट आणि काकांची मान

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र,
ता. वसई, जि. ठाणे.

अर्जदार : विनया दिनानाथ चुरी, मनवेलपाडा, विरार (पूर्व).

विषय : माझे काका श्री. काशिनाथ चुरी यांची मान येत्या रविवारच्या आत तपासून पुढील तपासणीसाठी शिक्क्यासह चिठ्ठी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे वडील कै. दिनानाथ चुरी यांच्यावर आपल्या केंद्रात झालेले उपचार.

महोदय,

माझे वडील गेल्या जानेवारीत वारले. आपल्या केंद्राविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचे आपण निवांत वाचाल. तक्रार असलीच तर ती आमच्या घराण्याच्या गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

१. साठ सालच्या आसपास वडील आणि काका, दोघेही तेव्हा विशीतले, केळीची लोंगरे डोक्यावर घेऊन वाडीतून निघाले होते. पुढे वडील, मागे काका. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर वडिलांचा पाय शेवाळावरून सटकला आणि काका त्यांच्यावर आदळले. दोघेही खाली गेले, पण डोक्यावरचे लोंगर दोघांनीही सोडले नाही. आजोबा धावत आले आणि त्यांनी वरूनच विचारले, "केळी शाबूत आहेत ना रे?" केळी शाबूत होती. एका फणीलाही डाग नव्हता. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नाला आणि बारशाला सांगितली जाते. नंतर कितीतरी दिवस दोघे भाऊ मान ताठ धरून हिंडत, म्हणून गाव त्यांना फौजदार म्हणू लागले, या वाक्यावर हशा होतो आणि गोष्ट संपते. मानेचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, कारण तोवर पाने वाढलेली असतात.

२. वडिलांना पन्नाशीनंतर हातांना मुंग्या येऊ लागल्या. त्यावर ताकदीच्या गोळ्या झाल्या. चक्कर येई ती पित्तात गेली. गादीवरून चालल्यासारखे वाटते असे ते म्हणत, ते वयात गेले. यात आपला किंवा आपल्या आधीच्या डॉक्टरांचा दोष नाही. वडील त्या दिवशी जे जास्त त्रास देई तेवढेच सांगत. मागे रांगेत अर्धे गाव उभे असताना एका माणसाने तीन तक्रारी मांडणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. मान तर त्यांनी कधीच सांगितली नाही. त्यांच्या लेखी मान हा आजार नव्हता, किस्सा होता.

३. मी डॉक्टर नाही, विम्याच्या कचेरीत नोकरी करते. वाचनालयातून मिळाली ती पुस्तके वाचली. मानेच्या मणक्यांना झालेली जुनी इजा पुढे कित्येक वर्षांनी मज्जारज्जूवर दाब आणू शकते, आणि मग हात, पाय, तोल असे सगळेच हळूहळू बिघडू शकते, असे त्यांत आहे. वडील पडले तेव्हापासून ते गेले तोपर्यंत एक आख्खे आयुष्य मध्ये आहे. त्यात त्यांनी आणखी ओझी वाहिली, वयही झाले. त्यामुळे संबंध होताच असे मी म्हणत नाही. असू शकला असता, आणि तो कोणी पाहिला नाही, एवढेच म्हणते. त्यांच्या बाबतीत आता हे कळून उपयोगही नाही.

४. पण काका आहेत. वडिलांच्या तेराव्याला त्यांनी लोंगराची गोष्ट पुन्हा सांगितली, चांगली रंगवून, आणि पंगत हसली. मीही हसले. तेवढ्यात आमचे शेजारी पास्कल यांनी डावीकडून हाक मारली, तर काका मान न वळवता पाटासकट वळले. हातातला घासही सांडला. वडिलांचे असेच सुरू झाले होते. मी विचारले तर म्हणाले, "मान काय, आहे की जागेवर."

५. घाईचे कारण असे की सातिवलीच्या बाजूला एक गृहस्थ एका झटक्यात मान मोकळी करून देतात. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की पास्कल काकांना स्कूटरवरून तिकडे नेणार आहेत. पास्कल यांचा हेतू निर्मळ आहे. त्यांची कंबर त्याच गृहस्थांनी बरी केली असे ते शपथेवर सांगतात, आणि कंबरेबद्दल माझी हरकत नाही. मानेचा आधी एक्स-रे काढू या, असे मी काकांना सुचवले. त्यावर, "विनया, तू पुस्तकं वाच. सरकारी डॉक्टरने लिहून दिलं तर बघू," असे उत्तर मिळाले. काका तलाठी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. पुतणीच्या वाचनावर त्यांचा विश्वास नाही, शिक्क्यावर आहे.

तरी विनंती की, शुक्रवारी मी रक्तदाबाचे निमित्त करून काकांना आपल्याकडे पाठवीन, तेव्हा त्यांची मान तपासावी. एक्स-रेसाठी आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातील मज्जातंतूंच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्यावी. खाली "तोपर्यंत मानेला कोणीही झटका देऊ नये" असे ठळक लिहून त्यावर शिक्का मारावा. अक्षर मोठे असावे, कारण पास्कलही वाचतील.

आणखी एक. कसे वाटते असे विचारल्यास काका ठणठणीत आहे म्हणतील. त्याऐवजी तपासणीसाठी सदरा काढायला सांगावा, आणि नंतर बटणे त्यांची त्यांना लावू द्यावीत. आपल्या परिचारिका थेरेसाबाई फार मायेच्या आहेत. वडिलांची बटणे नेहमी त्याच लावून देत, त्यामुळे ती त्यांना लावता येत नाहीत हे कुठल्याच डॉक्टरांना दिसले नाही. शुक्रवारी थेरेसाबाईंना थोडा वेळ बाहेर पाठवावे. काकांना कितीही वेळ लागला, आणि रांग कितीही कुरकुरली, तरी त्यांना कोणी मदत करू नये.

आपली नम्र आणि घाईतली,
विनया दिनानाथ चुरी
बुधवार, दि. १२ मार्च २००३