बुटकी केलेली गाडी

रविवार, संध्याकाळ. उमरखेड.

डोकं अजून तापलेलंच आहे. स्कूटर विकून लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली, तर दिरानं मले न इचारता मेकॅनिककडून तिची उंची कमी करून आणली. म्हणे, "वयनी, तुमचे पाय पुरत नाहीत ना!" कोणी सांगतलं? मी थांबताना एकच पाय टेकवून मस्त चालवून राह्यली होती.

गाडी बुटकी केली, पण साइड स्टँड तेवढाच लांब ठेवला; आता स्टँडवर गाडी कलतच नाही, सरळ उभी राह्यते. आज बाजारात स्टँडवर लावली, अन् मी उतरून वळत नाही तं पलीकडं धाडकन पडली. लोक हसले, "बाईले झेपत नाही!" घरी दीरही तेच म्हणे. काहून? मी तं गाडीवर नव्हतीच! स्टँड लांब, गाडी बुटकी, अन् दोष माह्या पायाचा?

उद्या गाडी पह्यलेवानी उंच करून आणीन. माही उंची मले पुरते. पुरत नाही ते त्याइलेच.