पडद्यावर राहिलेला पट्टा

अण्णा, आईनं टीव्ही बघणं सोडलं होतं. चांगला दीड महिना सोडलं होतं. तुम्हाला हे सांगायचं कारण असं, की त्यात चूक माझी होती आणि थोडी, रागावू नका, तुमच्या एका शिकवणीचीही होती. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि भावकीतल्या सगळ्यांनी आईला सांगितलं होतं, की घोडेगावचं दुकान आता काढून टाका, पोरगी काय टीव्ही खोलणार हाय का? मी खोलले. लग्न झालं ते गावातच आणि राहिले आईजवळच, त्यामुळे दुकान सुटलं नाही. तुमचं लाकडी टेबल अजून तेच आहे, सोल्डरिंगच्या काळ्या डागांसकट. पण त्याच्यावर येणारे टीव्ही तुम्हाला ओळखू यायचे नाहीत. पिक्चर ट्यूब गेली, मागचं कुबड गेलं. आताचा टीव्ही शाळेतल्या पाटीसारखा पातळ असतो आणि दोघांनी धरून आणावा लागतो, कारण कुठं दाबला गेला तर तडकतो.

धाकट्यानं पुण्याहून आईसाठी टीव्ही पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यानं मला फोन करून विचारलं, "ताई, कुठला घेऊ? चांगल्यातला चांगला सांग." मी त्याला ओएलईडी सांगितला. त्यात मागं दिवे नसतात अण्णा, पडद्यावरचा एकेक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळं दाखवायचं तेव्हा पार विझतो. चित्र असं दिसतं, की हात लावून बघावंसं वाटतं. पण जो ठिपका जास्त उजळतो तो लवकर झिजतो. एकच चित्र एकाच जागी रोज तासन्‌तास राहिलं, तर त्याची सावली पडद्यावर उरते. हलकी असली तर जाते, मुरली तर जात नाही. हे मला माहीत होतं. आई दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावते, हेही माहीत होतं. तरी मी तोच सांगितला, कारण मला स्वतःला तो घरात हवा होता. आयुष्यभर लोकांचे मोडके टीव्ही बघितले, एकदा तरी आपल्या भिंतीवर नवा, अव्वल असावा असं वाटलं. धाकट्याला यातलं काही बोलले नाही.

आई बातम्या का लावते ते तुम्हाला गंमत वाटेल. तिला बातम्यांशी देणंघेणं नाही. चौथीतून शाळा सुटलेली, पुढं मेंढरांमागं हिंडण्यात आणि मग आपल्या घरात वाचायचं राहून गेलं. त्या चॅनेलवर खाली एक लाल पट्टी असते, त्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर सरकत जातो. आई लसूण सोलता सोलता ती पट्टी मोठ्यानं वाचायची. आधी अक्षर अक्षर जोडून, सरकणाऱ्या शब्दाच्या मागं धावत. "मु... मुख्य..." म्हणेपर्यंत शब्द पळालेला असायचा आणि ती टीव्हीला म्हणायची, "थांब की रं जरा." वर्षभरात तिला पट्टी गाठता यायला लागली. मी दुकानात बसलेली असायचे आणि मागच्या घरातून आईचा आवाज यायचा. कुठल्या तरी लांबच्या शहरात पूल पडला, कुणी तरी राजीनामा दिला, सगळं एकाच सुरात, शाळेतल्या पोरीसारखं. गिऱ्हाईकं हसायची. एक जण म्हणाला, "राव, तुमच्याकडं घरचंच आकाशवाणी केंद्र हाय." मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता तुमची शिकवण. टीव्ही बघून झाला की भिंतीवरचं मेन बटण बंद. वीज कधी कडाडेल, व्होल्टेज कधी उसळी मारेल सांगता येत नाही, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला बजावायचात आणि घरात तर रोज. आईनं ते तुमच्या मागं एक दिवस चुकवलं नाही. झोपायला जाताना ती त्या बटणाला हात लावल्याशिवाय जायची नाही, बंद असलं तरी एकदा चाचपायची. पण या नव्या टीव्हीला रिमोटनं बंद करून करंट चालूच ठेवावा लागतो. बंद दिसतो तेव्हा तो आतल्या आत आपले ठिपके तपासतो, झिजलेले सांभाळून घेतो. आईनं करंटच तोडला, की ते काम होणार कधी? मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार वाक्यांत सांगता आलं असतं. उद्या सांगू, रविवारी सांगू असं करत राहिले. खरं सांगू का, तिचा हात त्या बटणाकडं गेला की मला तुम्ही दिसायचात, आणि तो हात थांबवणं माझ्या जिवावर यायचं. पण हे कारण मी नंतर शोधलं असेल. तेव्हा नुसता आळस होता.

गावच्या यात्रेला धाकटा आला, बरोबर त्याचे दोन मित्र. दुपारी क्रिकेटची मॅच लावली. हिरवंगार मैदान, आणि त्याच्या खालच्या अंगाला आडवा मळका पट्टा, डावीकडं एक चौकोन आणि त्यात "ब्रेकिंग" हा शब्द, पुसट पण स्पष्ट. खेळाडू पळत त्या शब्दातून पार जात होते. एक मित्र हसला. धाकटा उठून पडद्याजवळ गेला, रुमालानं पुसून बघितलं. मग वळून म्हणाला, "आई, दिवसभर तेच ते चॅनेल लावून बसतीस ना? वाटोळं केलं एवढ्या चांगल्या टीव्हीचं." आई पाव्हण्यांसाठी चहा घेऊन आली होती. ट्रे हातातच. म्हणाली, "मला काय ठावं बाबा. मी तर काय बी दाबलं न्हाई." आणि माझ्याकडं बघितलं. मी घरातली टीव्ही दुरुस्त करणारी बाई. माझ्या एका वाक्याची गरज होती. मी कपबश्या उचलल्या आणि आत गेले.

धाकट्याला दोष देऊ नका. पाव्हण्यांपुढं बोलून गेला, संध्याकाळी विसरलाही. आई विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा टीव्हीवर घातला, चारी कोपरे नीट ओढून, आणि रिमोट कपाटात ठेवला. मी म्हटलं, "अगं लाव की." म्हणाली, "नको. आणिक बिघडंल. आमचं काय, बगितलं न बगितलं." लसूण दारात बसून सोलायला लागली, मुकाट्यानं. मी दुकानात बसले की मागून काही ऐकू यायचं नाही. नुसता पंखा. पुढच्या आठ दिवसांत मी तो लुगड्याचा तुकडा काढून, करंट लावून, ठिपके सारखे करायचा तो लांबलचक प्रकार दोनदा चालवला. चौकोन थोडा फिकट झाला. पट्टा गेला नाही. तो मुरला होता.

त्या दिवसांत मला सारखं तळेघर आठवत होतं. तुम्हालाही आठवत असेल. मी तेरा वर्षांची. तुम्ही पार्ट आणायला मंचरला गेला होतात आणि जाताना सांगून गेलात, "तो तळेघरच्या मिलिटरीवाल्यांचा टीव्ही दुपारी लावून बघ, आवाज येतो का तेवढं. चित्र मिटून मधोमध एकच पांढरी रेघ दिसली, तर आधी ब्राइटनेस खाली घे. ट्यूब जळती." मी लावला. काळ्या काचेवर ती रेघ अशी झगझगीत उमटली, की मी मैत्रिणींना हाका मारून बोलावलं आणि त्यांना नीट दिसावी म्हणून ब्राइटनेस वर नेला. मग आम्ही सगळ्या बोरं खायला नदीवर गेलो. परत आले तेव्हा उन्हं उतरली होती, रेघ तशीच पेटलेली. बंद केला तर काचेवर तपकिरी चरा. तुम्ही आलात, बघितलंत, कोट खुंटीला अडकवलात. हात उगारला नाहीत. म्हणालात, "उद्या दोघं जाऊ. तू सांगायचं."

तळेघरला एसटीतून उतरतोय. टीव्ही गोधडीत गुंडाळून तुमच्या खांद्यावर, हत्यारांची पिशवी माझ्या. भात झोडून झालंय, खाचरं रिकामी, बांधाबांधानं तासभर चालायचंय. तुम्ही वाटेत एकदाही बोलत नाही, फक्त खांदा बदलताना थांबता. त्यांच्या अंगणात टीव्ही खाली ठेवला, आणि मिलिटरीवाले म्हणाले, "झाला का आमचा डबा?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि गप्प राहिलात. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. त्यांच्या घरातल्या बाईंनी पाणी आणलं, तुम्ही ते प्यायला नाहीत, हातात तांब्या धरून उभे राहिलात. शेवटी मी बोलले. रेघ, मैत्रिणी, बोरं, सगळं. त्या म्हाताऱ्यांनी मला निरखलं आणि तुम्हाला म्हणाले, "पोरगी खरं बोलली. बसा, भाकर खाऊन जा." तेव्हा तुम्ही पाणी प्यायलात. नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मला तिखट लागलं आणि त्या निमित्तानं रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आपल्या घरच्या टीव्हीची ट्यूब काढून त्यांच्या टीव्हीत बसवलीत आणि जळकी आपल्याकडं आली. आईनं विचारलं, "ही रेघ कसली वं?" तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून जळली." मी चुलीपाशी होते, ऐकलं. बाहेरच्या माणसापुढं मला उभं केलंत आणि घरात मात्र मला पाठीशी घातलंत. असं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. नंतर कितीतरी वर्षं आईनं सगळे सिनेमे त्या रेघेतून बघितले.

मागच्या मंगळवारी दुकान बंद करून मी आईजवळ दारात जाऊन बसले. लसूण सोलायला घेतला. म्हटलं, "आई, टीव्ही तू न्हाई बिघडवला." ती म्हणाली, "असू दे." "असू दे न्हाई, ऐक." आणि सांगितलं. तो टीव्ही तसला असतो हे मला आधीच माहीत होतं, बटणाचं मी सांगायला हवं होतं, धाकटा बोलला तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. म्हणाले, मला तो टीव्ही हौसेसाठी हवा होता. हे शेवटचं बोलताना तळेघरच्या अंगणापेक्षा जड गेलं. आई सालं झटकत राहिली. मग म्हणाली, "ती पहिली रेघ बी तूच जाळली व्हतीस."

मी हातातली पाकळी खाली ठेवली. म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुझ्या अण्णांनी शेकड्यानं टीवी उघडले, त्यांच्या हातनं रेघ जळंल व्हय? आन्‌ तू आठ दिवस जेवत नव्हतीस धड." मग हसली. "मी म्हणलं, त्यांला झाकायचं हाय तर झाकू द्या. तवा मला राग न्हाई आला. ह्या वक्ताला आला. पोरगा बोलला त्याचा न्हाई. तू कपबश्या घेऊन आत गेलीस त्याचा."

अण्णा, हे मला कळलंच नव्हतं. ती रागावली होती आणि दीड महिना माझ्या ताटात गरम भाकरी वाढत होती. थोड्या वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता त्याला बी सांग." मी तिच्यासमोरच धाकट्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मग त्या दिवशी का न्हाई बोललीस? मी चारचौघांत आईला..." वाक्य अर्धंच टाकून म्हणाला, "दे तिच्याकडं." आईनं फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं हूं, हूं करत राहिली. शेवटी म्हणाली, "नवा बिवा काय नको. हाय तो चालतोय. तू जेवलास का?"

त्याला नवा पडदा बसवायचा होता, मीही म्हटलं बसवू. आईनं ऐकलं नाही. मग मी तिच्या शेजारी बसून तिला रिमोट शिकवला, चॅनेल कसं बदलायचं, आवाज कमी करायचा कसा, आणि भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही. हे शेवटचं तिला पटत नाही. काल झोपताना बटणापाशी गेली, उभी राहिली, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "त्यांला विचारलंस का?" मी म्हटलं, अण्णांना विचारते. आज सकाळपासून ती एक शेतीचं चॅनेल लावून बसली आहे. त्यावर मजकूर खाली नसतो, उजव्या बाजूला असतो आणि उभा सरकतो. तिला ते वाचायला नव्यानं जमवावं लागतंय. "कां... कांदा... लाग..." मागून आवाज येतोय आणि मी तुमच्या टेबलावर दुरुस्तीच्या जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय. सहा कार्डं भरली.

आत्ता खोडदची एक बाई रिमोट घेऊन आली, दोन बटणं चालत नाहीत म्हणून. मी लिहिणं थांबवलं नाही, तर काउंटरवरून वाकून म्हणाली, "लई मन लावून लिवताय ताई. काय चाललंय?" मी कार्डं उलटी केली आणि म्हटलं, "पार्टची ऑर्डर." एवढं वय झालं अण्णा, पण मी माझ्या वडिलांशी बोलतेय, असं त्या बाईला माझ्यानं सांगवलं नाही.