सोनबाने मारलेल्या हाका

चिंचवड,
१८ जानेवारी १९५७

प्रिय सुभी,

तुझं पत्र आणि हलव्याची डबी, दोन्ही पोचली. काटा छान उठलाय. तुझ्या हाताला ते पहिल्यापासूनच साधतं.

इथे थंडी बरी आहे. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाल्यापासून आमच्या रस्त्याला वर्दळ वाढली. तुझा ज्योतीराम तिथे लागल्यापासून रविवारी माझ्याकडेच जेवतो. माझी कौशल्या त्याला वाढायला लागली की आमटी वाटीबाहेर सांडते. भावाची ही पोर मी लहानाची मोठी केली. तिचं लक्ष कुठे असतं, मला कळतं.

तू त्याच्यासाठी तिला मागणी घातलीस. ‘आपली मैत्री आता नात्यात बांधू’ असं लिहिलंस. उत्तराला उशीर झाला, कारण आधी मुलांना चाकणपलीकडच्या रानातली ती गुहा दाखवायची होती. ज्योतीरामचे दोन मित्रही आले. वाट दाखवायला सोनबाच होता. आपण मुली गेलो तेव्हा तो तिथे गुरं राखायचा. म्हातारा झालाय, पण बाभळी बाजूला सारत अजून सगळ्यांच्या पुढे चालतो.

आत वटवाघळांचा तोच वास. अंधारात वाटा फुटतात तिथे कौशल्याने माझा हात धरला आणि मला आपली मिशनची शाळा आठवली. मला उशीर झाला की मदरच्या हजेरीला तू माझ्या आवाजात ‘प्रेझेंट’ म्हणायचीस. किती हुबेहूब. त्या दिवसांत तुझ्यासाठी मी जीव दिला असता.

निघताना सोनबा गुहेच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाला नावाने हाक मारतो. सगळ्यांची ओ आल्याशिवाय डोंगर उतरत नाही. माझं नाव घेऊन तो माझ्याकडे बघतच राहिला.

“ओ दिली की, सोनबा.”

“दिली, पन बघून घेतो, बाई. मागं आमी मान खाली घालून हाका मारल्या. मोठ्या घरच्या पोरी, तोंडाकडं कसं बघायचं? ओ आली, आन् तुमी आतच.”

“मग ओ कुणी दिली?” ज्योतीराम हसला. “भुतानं?”

सोनबा कंदील विझवायला वाकला. आता मी गप्प बसले नाही, सुभी.

“तुझ्या आईनं,” मी म्हटलं. “आपल्या कानातली कुडी आत पडली असं सांगून तिनं मला परत पाठवलं आणि बाहेर माझ्या आवाजात ओ दिली. त्या संध्याकाळी तुझे वडील मला बघायला येणार होते.”

उरलेलंही सांगितलं. कंदील विझला. मी घरी पोचले नाही हे कळल्यावर सोनबा रात्री परत आला आणि पहाटे मला घेऊन आला. तू सगळ्यांना सांगितलंस, अंबू बाहेर आली होती, मागे आपणच थांबली. गुराख्यासाठी थांबली, हे गावाने जोडलं. सकाळी तू मला भेटायला आलीस तेव्हा दोन्ही कुड्या तुझ्या कानात होत्या. सोपानराव तसेच परत फिरले, दिवाळीनंतर तुझ्याशी त्यांचं लग्न झालं. मला पुन्हा कुणी बघायला आलं नाही.

घरी परतल्यावर ज्योतीराम दारात म्हणाला, “मावशी, आता कौशल्या मला द्याल का?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “आत्या, मी जाईन त्या घरात.”

तर सुभी, तू मागितलीस ती मुलगी तुला मिळेल. सकाळी वाकून नमस्कार करील, चहा आणून देईल, उलट बोलणार नाही. उलट बोलायला मी शिकवलेलंच नाही तिला. पण तिला ठाऊक असेल. ज्योतीरामलाही. गप्प राहा असं मी दोघांना सांगितलेलं नाही, बोला असंही नाही. ते कधी विचारतील, विचारतील की नाही, याची वाट तू बघ.

सोपानरावांना अजून माहीत नसेल. हे पत्र त्यांना वाचून दाखव. नाही दाखवलंस तरी चालेल, साखरपुड्याला मी त्यांच्या शेजारीच बसेन.

तिथी तू काढ.

तुझी विहीण,
अंबू